समुद्राच्या तळाशी अठरा भोकं

जवळा बाजार, जि. परभणी
ता. ९ मार्च १९७६

प्रिय मोहियोद्दीन,

तुला सलाम, आणि हलीमाभाभींना माझा व रुक्माबाईचा जयभीम. पाकिटावरचं अक्षर तू लगेच ओळखशील आणि न फोडताच कुठंतरी सारून ठेवशील. ठेव. पाच वर्षं दहा महिने आपण बोललो नाही, त्यात आणखी दोन दिवसांनी काही बिघडत नाही. पण तिसऱ्या दिवशी तू फोडशील, एवढी मला तुझी ओळख आहे. वसमतला मेहुण्याच्या दुकानात तू गॅसबत्त्या आणि स्टोव्ह दुरुस्त करतोस, हे मला रामजी हॉटेलवाला सांगत असतो. तो सामान आणायला तिकडं आला की तुझ्या दुकानावरून मुद्दाम जातो. तू पिन मारलेली बत्ती सहा महिने फरफरत नाही, असं तो म्हणाला. मला नवल वाटलं नाही. तुझा हात मला ठाऊक आहे.

आता माझी खबर. मोहियोद्दीन, मी समुद्राच्या तळाशी जाऊन आलो. एकदा नाही, छत्तीस वेळा. काठावर पाय बुडवून बाटलीत पाणी भरून आणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. मी सात परस, म्हणजे सात माणसं एकावर एक उभी राहतील एवढं, खाली उतरलो, तिथं पाऊण-पाऊण तास राहिलो, दगडात अठरा भोकं पाडली, आणि त्यांतली सतरा गुण्यात, अगदी काटकोनात आहेत. अठरातल्या एकाची गोष्ट पुढं सांगतो. ज्या माणसानं शाळेचा उंबरठा दोन वर्षं सुद्धा पुरता ओलांडला नाही, त्याच्या हातची भोकं आज समुद्राचा अभ्यास करणाऱ्या मोठ्या शिकलेल्या लोकांच्या वहीत नंबरानं लिहिलेली आहेत. एक ते अठरा. मी ती वही बघितली आहे.

हे घडलं कसं, ते बयाजवार सांगतो. गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात धरणाच्या एका दरवाजाखाली काहीतरी अडकलं आणि दरवाजा बसेना. गोव्याहून एक साहेब बोलावले. नाव रेबेलो. पूर्वी नौदलात पाणबुडे होते, आता स्वतःचं काम करतात. त्यांच्याबरोबर लोखंडी टाक्या, रबरी नळ्या, काचेचा चष्मा, सगळा संसार. मला ओझी वाहायला बोलावलं होतं. साहेब सामान चढवत होते, त्याला अर्धा तास लागणार, म्हणून मी आपली लंगोटी कसली आणि गुपचूप खाली जाऊन आलो. वर येऊन सांगितलं, ओंडका बाभळीचा आहे, साडेतीन फूट लांब, डाव्या खाचेत बुडखा आणि शेंडा तुमच्याकडं. ते हसले. खाली गेले. वर आले ते टेप हातात घेऊनच. तीन फूट पाच इंच भरला. एक इंच माझा चुकला, कारण पाण्यात वस्तू मोठी लागते हे तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. साहेब म्हणाले, “तू माणूस आहेस की पाणकोंबडी? दगडावर छिन्नी चालवतोस का रे?” मी म्हणालो, साहेब, मी विहिरी खोदणारा. दगडावर छिन्नी चालवून मग आम्ही पाण्याला भेटतो. तुमचं उलटं आहे. त्यांनी माझा पत्ता लिहून घेतला.

वर्षभरानं, या जानेवारीत, त्यांचं पत्र आलं. कारवारच्या खाली एक बेट आहे, किनाऱ्यापासून बोटीनं दोन तास अकरा मिनिटं. मी घड्याळ लावून बघितलं. तिथं पाण्याखाली मोठमोठे धोंडे आहेत आणि त्यांच्यावर पोवळं वाढतं. पोवळं म्हणजे अंगठीतला खडा तेवढाच आपल्याला माहीत, पण ते जिवंत असतं, दगडावर झाडासारखं वाढतं. ते वर्षाला किती वाढतं हे मोजायला समुद्राचा अभ्यास करणाऱ्यांना धोंड्यांत लोखंडी खुंट्या बसवायच्या होत्या. सुरुंग चालणार नाही, पोवळं मरेल. यंत्र नेता येईना. हातानं भोक पाडणारा माणूस पाहिजे, आणि तो पाण्याला न घाबरणारा पाहिजे. गोव्यात दगडफोडे होते, त्यांना बुडी येईना. बुडी मारणारे कोळी होते, त्यांना दगड येईना. दोन्ही येणारा माणूस जवळा बाजारला निघाला.

पण पहिले चार दिवस माझी फजितीच झाली, ती लपवत नाही. टाकी पाठीवर बांधायची, नळी दातांत धरायची, आणि पाण्याखाली श्वास घ्यायचा. ऐकायला सोपं आहे. तीस वर्षं मी पाण्याखाली श्वास धरून जगलो, आता छातीला सांगतोय घे, तर ती घेईना. कमरेइतक्या पाण्यात डोकं बुडवून साहेबांनी मला गुडघ्यावर बसवलं आणि मी आपला गच्च. ते माझ्या पाठीत धपाटा घालायचे, मग कुठं एक श्वास यायचा. वर आल्यावर म्हणायचे, “बाबा, हवा फुकट आहे, खा की.” त्यांचा मोठा नियम हा की श्वास कधीच धरायचा नाही, आणि वर येताना तर मुळीच नाही. खालची हवा दबलेली असते, वर येताना फुगते, धरून ठेवलीस तर फुप्फुस फुटतं. आपल्या धंद्यात जो धरेल तो जगेल, त्यांच्यात जो धरेल तो मरेल. पाचव्या दिवशी छातीला कळलं. त्यानंतर मला कुणी धपाटा घातला नाही.

आता तिथं काय आहे ते ऐक. आपण दोघं उरुसाला हैदराबादला गेलो होतो, तेव्हा शहराबाहेर टेकड्यांवर एकावर एक ठेवलेले ते गोल धोंडे आठवतात? तू म्हणाला होतास, कुणा राक्षसाच्या पोरानं खेळून तसेच टाकले. तेच धोंडे समुद्रात बुडालेत असं समज. जात तीच. साहेब त्याला ग्रॅनाइट म्हणतात. आपल्या काळ्या पाषाणासारखा एकजीव नाही, तिळाच्या चिक्कीसारखा दाणेदार, एक दाणा पांढरा, एक करडा, एक चमकणारा. एकेक धोंडा रामजीच्या हॉटेलाएवढा, एक तर त्याच्या दुप्पट. ते एकमेकांना टेकलेले, मधून फटी, फटींतून बोळ, बोळांतून उजेड आडवा येतो. बाहेरून धोंड्यांवर पोवळं. कुठं फुलकोबीसारखं, कुठं सांबराच्या शिंगांसारखं. आणि मासे. वसमतच्या मोंढ्यात हळद ओततात तेव्हा जो पिवळा दिसतो ना, त्या रंगाचे, ताटलीएवढे, जोडीजोडीनं हिंडणारे. हिरवा एक मासा, त्याला पोपटासारखी चोच. तो पोवळं कुरतडतो आणि कुरतडताना आवाज येतो, शेजारी बसून कुणी फुटाणे खावेत तसा. आपल्या विहिरीत हाताचा पंजा दिसला तरी मी नशीब समजायचो. तिथं मला पन्नास हातांवरची बोटीची सावली दिसत होती. पहिल्या दिवशी मी छिन्नी काखेत धरून नुसता बघत राहिलो. साहेबांनी हात हलवून विचारलं, काय झालं. पाण्याखाली सांगणार काय.

काम मात्र विहिरीपेक्षा अवघड. आपला पाषाण एका अंगानं चिरतो, त्याची नस कळली की अर्धं काम तोच करतो. ग्रॅनाइटला नस नाही. दाणा दाणा फोडावा लागतो. माझ्या छिन्न्यांची धार दोन दिवसांत बसली, मग मी कारवारच्या लोहाराकडं स्वतः बसून धार आखूड आणि बोथट कोनाची करून घेतली. पाण्यात हातोडा उगारला की पाणीच तो धरून ठेवतं. म्हणून लांबून मारायचं नाही, जवळून मारायचं, जड हातोड्यानं, चार बोटांच्या अंतरावरून. आणि प्रत्येक घावाला आपणच मागं जातो, कारण पाण्यात वजन नाही. कमरेला शिशाचा पट्टा असून सुद्धा. त्यावर साहेबांकडं उपाय नव्हता. माझ्याकडं होता. विहिरीत कडेचा दगड फोडताना आपण गुडघा कपारीत रोवतो, तसा रोवला, दुसरा पाय मागच्या धोंड्याला लावला, बसलो घट्ट. खुंटी बसवायला त्यांनी आणलेलं सिमेंट पाण्यात धुऊन गेलं. मी म्हणालो, पंपाच्या पायपाच्या सांध्यात आम्ही शिसं ठोकून भरतो, तसं भरू. भरलं. साहेबांनी खुंटीला दोर बांधून बोटीनं ओढून बघितली. हलली नाही. अठराही हलल्या नाहीत. रोज दोन बुड्या, दोन बुड्यांत एक भोक, पाऊण इंच रुंद, तीन इंच खोल. एकदा बोटाचं सालटं गेलं तर रक्त हिरवं निघालं. लाल रंग तेवढ्या खोल पोचतच नाही. मी माझं स्वतःचं हिरवं रक्त बघितलं आहे, मोहियोद्दीन. आपल्या पंचक्रोशीत दुसऱ्या कुणी बघितलं असेल तर मला आणून दाखव.

त्यांच्या धंद्यात एक नियम आहे, तो मला आधी पटला नव्हता. बुडी जोडीनंच मारायची. जोडीदारानं अंगठा वर केला की वर जायचं. खाली वाद नाही, का म्हणून विचारायचं नाही, काम अर्धं राहिलं तरी राहू दे. जे विचारायचं ते बोटीत बसून विचारायचं. मी साहेबांना म्हणालो, आणि जोडीदार उगाच घाबरला असला तर? ते म्हणाले, “उगाच घाबरलेल्या जोडीदारामुळं आजवर कुणी मेला नाही.”

बोटीवर दोर धरून एक पोक्त खलाशी बसायचा. त्याला बघून तू आठवायचास. आपली पद्धत काही कमी नव्हती. वरून एक हिसका म्हणजे, ठीक आहेस का. खालून एक हिसका म्हणजे, ठीक. खालून तीन म्हणजे, ओढ. आणि तू काठावर बसून तसबी ओढायचास, सारख्या ठेक्यात एकेक मणी, मी खाली मनात आकडे मोजायचो. वर आल्यावर आपण ताडून बघायचो. तुझा मणी आणि माझा आकडा अकरा वर्षं बराबर पडत आला, फार तर एखाददुसरा इकडं तिकडं. लोकांना मजा वाटायची. ज्या विहिरीच्या काठावर माझ्या बापाला उभं राहू देत नव्हते, तिच्या तळापर्यंत मला उतरवत होते. पंपाच्या पायपाच्या तळाचा फुटव्हॉल्व अडकून इंजिन बंद पडलं की विहीर बाटत नाही, असं तूच म्हणायचास, आणि ते विहीरमालकाच्या तोंडावर म्हणायचास. दोर तुझ्या हातात असताना मी कधी वर बघितलं नाही. हे मी त्या वेळी तुला सांगायला पाहिजे होतं.

आता त्या एका भोकाची गोष्ट. अकरावं भोक. कामाच्या अकराव्या दिवशी दुपारची बुडी व्हायची होती, टाक्या भरायचं काम चाललं होतं, आणि शिडीवरून माझी छिन्नी निसटून खाली गेली. पाच परसांवर वाळूत पडलेली वरून दिसत होती. मी म्हणालो, टाकी कशाला, अशीच आणतो. शर्ट काढला, बोटीच्या कडेवर बसलो, आणि माझे वीस श्वास सुरू केले. तुला ठाऊक आहेत माझे वीस श्वास. भात्यासारखे, जोरात, भरभर. हे मला कुणी शिकवलं नाही. मी स्वतः शोधून काढलं, बावन्न साली. त्याआधी मी साठ आकडे टिकायचो, त्यानंतर शंभर टिकायला लागलो. चौदाव्या श्वासाला साहेबांनी माझा दंड धरला, असा की वळ उठला. म्हणाले, “हे तुला कोणी शिकवलं?” मी अभिमानानं सांगितलं, माझं मीच. मला वाटलं लिहून घेतील.

त्यांनी मला खाली बसवलं आणि समजावून सांगितलं. माणसाला श्वास घ्यावासा वाटतो तो चांगली हवा संपली म्हणून नाही. आत वाईट हवा साठते, तिनं घंटा वाजते, म्हणून. वीस श्वासांनी मी चांगली हवा जास्त भरत नव्हतो, ती भरून भरून किती भरणार. मी वाईट हवा बाहेर फेकत होतो. म्हणजे घंटा वाजवणाऱ्यालाच घरी पाठवत होतो. मग चांगली हवा संपते, पण कुणी सांगत नाही. तकलीफ काहीच होत नाही. उलट बरं वाटतं. माणूस काम करता करता, आपण अगदी ठीक आहोत असं समजून, बेशुद्ध होतो. नौदलात असताना त्यांनी असे दोघे गमावले, दोघंही पट्टीचे पोहणारे. मग त्यांनी मला विचारलं, “तुला कधी खाली असताना असं झालं का, की आता काही घाई नाही, निवांत वाटतंय?” मी नाही म्हणालो. खोटं बोललो. छिन्नी साहेबच टाकी लावून घेऊन आले. मग आम्ही दुपारची बुडी मारली आणि अकरावं भोक वाकडं गेलं. साहेबांनी गुण्या लावून बघितला, मग माझ्याकडं बघितलं, आणि अंगठा वर केला. मी वर गेलो.

भोक वाकडं गेलं, कारण मला ग्यानोबाची विहीर आठवत होती. सत्तरचा मे महिना. हे मी जसंच्या तसं लिहितो, आणि ज्यांना ते आठवत असेल त्यांनी ताडून बघावं. ग्यानोबाचा ऊस वाळत होता, फुटव्हॉल्व गाळात रुतला होता, पाणी चार परस. काठावर तू आणि मी सोडून त्रेचाळीस माणसं होती, कारण बाजारचा दिवस होता आणि माझी बुडी बघायला लोक थांबायचे. त्या दिवशी बघणारे जास्त म्हणून मी वीसच्या जागी तीस श्वास घेतले. खाली गेलो. व्हॉल्वचा आटा फिरत नव्हता. मी मोजत होतो. सत्त्याऐंशी मला पक्कं आठवतं. त्याच वेळी मला वाटलं, जेवण करून लिंबाखाली पडलोय, कसली घाई नाही. पुढचं आठवतं ते काठावर, खांदा दगडावर घासून फुटलेला, तोंडात पाणी, आणि व्हॉल्व खालीच राहिलेला. तू म्हणालास, “एकशे एकवीस मणी झाले, मुंजाजी. शंभरला हिसका दिला, एकशे दहाला दिला. तू बोलेनास, म्हून ओढलं.” मी म्हणालो, सत्त्याऐंशीच झाले. मला एक सुद्धा हिसका आला नाही. तू हसलास असं मला वाटलं. तू हसला नव्हतास, तुझे ओठ थरथरत होते.

मग मी जे बोललो ते सगळ्यांनी ऐकलं. आज पुन्हा लिहितो, माझ्याच हातानं. मी म्हणालो, दोर धरायला मनगट लागतं, तसबी लागत नाही. घाबरट माणसाच्या हातात मी माझा जीव देणार नाही. जा, मशिदीत बसून मणी मोज. लोक हसले. तू दोर गुंडाळलास, ओला भाग वर येईल असा, वाळायला ठेवलास, आणि निघून गेलास. दोर धरणाऱ्याकडं दुसरं भांडवल नसतं, त्याच्यावर माणसांचा भरवसा तेवढं एकच असतं. ते मी एका वाक्यात मोडलं. महिनाभरात चार विहिरींवरून तुझं काम गेलं, आणि पोळ्याच्या आत तू वसमतला. मी मात्र त्यानंतर पाच दोरवाले बदलले आणि प्रत्येकात खोट काढली.

बोटीत बसून मी हिशोब घातला, आणि तो सोपा होता. अकरा वर्षं जो मणी माझ्या आकड्याशी बराबर पडला, तो त्याच दिवशी चौतीसनं चुकेल कसा? चुकला नव्हता. सत्त्याऐंशीनंतर मोजायला मी नव्हतोच. ते चौतीस मणी तू एकटा मोजत होतास. शंभरचा हिसका माझ्या कमरेला आला असणार, एकशे दहाचा आला असणार, आणि दोन्ही वेळा तिथं उत्तर द्यायला कुणी नव्हतं. तू आणखी दहा मणी थांबला असतास, मी रागावेन म्हणून, लोक हसतील म्हणून, तर रुक्माबाई आज विधवा असती. चूक माझी होती. माझ्या श्वासांची, माझ्या तीस श्वासांच्या मिजाशीची, आणि त्यानंतर माझ्या जिभेची. तुझ्या दोराची, तुझ्या मनगटाची आणि तुझ्या तसबीची काहीही चूक नव्हती. वीस श्वासांची माझी विद्या मी तिघांना शिकवली होती. आल्याबरोबर तिघांच्याही घरी जाऊन, ती पुन्हा करू नका, म्हणून सांगून आलो. एक औंढ्याकडं राहतो, तिथं सुद्धा गेलो. उरलेली सात भोकं मी त्यानंतर पाडली. ती गुण्यात आहेत.

ता. १२. इथपर्यंतचं पत्र लिहून तीन दिवस झाले, ते मी टाकलं नव्हतं. उर्दू मला तूच शिकवलीस, विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं त्या दगडावर, कोळशानं अक्षरं काढून, आणि तुझ्या सोयीसाठी मी उर्दूतच लिहायला पाहिजे होतं. मराठी वाचायला तुला वेळ लागतो. पण उर्दूत लिहिलं असतं तर ते आपल्या दोघांतच राहिलं असतं, आणि मी बोललो होतो ते दोघांत नव्हतं. म्हणून मराठीत लिहिलं, आणि काल बाजारच्या दिवशी ग्यानोबाच्या विहिरीवर त्या लोकांना बोलावून, उभं राहून, पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. त्रेचाळीसपैकी पाच वारले, अकरा गाव सोडून गेले, एकानं यायला नकार दिला. सव्वीस आले. समुद्रापर्यंत त्यांना मजा आली. मशिदीचं वाक्य आलं तेव्हा कुणी हसलं नाही. ग्यानोबा म्हणाला, “एवढं लांब काहून लिवलं? चुकलं म्हण की मोकळा हो.” जळबा म्हणाला, “मी तवाच म्हणलो व्हतो.” तो तेव्हा काहीच म्हणाला नव्हता, सगळ्यात मोठ्यानं हसला होता, आणि तेही मी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं. चतुराबाई त्या दिवशी घागर घेऊन थारोळ्यापाशी होती. ती म्हणाली, “याचे व्हट जांभळावानी झाले व्हते. मान अशी पडली व्हती. म्या पाह्यलं. पर बाईला कोण इचारतंय.” सोबतच्या कागदावर आठ सह्या आणि अठरा अंगठे आहेत, प्रत्येकापुढं नाव मी लिहिलं आहे, आणि वर एवढंच लिहिलं आहे की मोहियोद्दीननं त्या दिवशी दोर वेळेवर ओढला. तो कागद तुझा. मेहुण्याच्या दुकानात लाव किंवा पेटीत ठेव. डिसेंबरात साहेबांना त्याच धोंड्यांवर आणखी बारा भोकं पाहिजेत, आणि बोटीवर दोर कोण धरणार हे त्यांनी फॉर्मवर विचारलं आहे. मी तुझं नाव लिहून दिलं. तू येशील की नाही हे तुझं तू ठरव, मी विनवणार नाही, तो माझा हक्क राहिलेला नाही. तू नाही म्हणालास तर मी साहेबांना कळवेन की माझ्याकडं दोरवाला नाही, म्हणून मीही येत नाही.

तुझाच,
मुंजाजी